रुईवरचा मावा: खाणं, गर्दी आणि पंख (प्रकल्प नोंदी)

30 नोव्हेंबर, शनिवार

मुलुंड पूर्वेला मिठागर रस्त्याच्या कडेला रुई माजली आहे. जवळपास प्रत्येक शेंड्यावर पिवळाधमक मावा, म्हणजे झाडाचा रस पिणारे बारके किडे, मागच्या बाजूला दोन काळ्या नळ्या. माव्यातल्या बहुतेक माद्या बिनपंखी आणि मधूनच एखादी पंखवाली. भाचीला कॉलेजात प्रकल्प करायचा आहे आणि मला ही वर्षानुवर्षांची खाज आहे, म्हणून दोघांनी मिळून सुरू करतोय.

प्रश्न एवढाच: पान कोवळं, जून किंवा पिकलेलं असेल तर पंख फुटण्यात फरक पडतो का?

फुलपाखरं मुद्दाम घेतली नाहीत. दोन फुलपाखरांच्या पंखांत फरक दिसला तर तो खाण्याचा की आईबापांकडून आलेला, हे घरच्या घरी सांगता येत नाही. रुईवरच्या या माव्यात नर दिसतच नाहीत. माद्या जुगण्याशिवाय थेट जिवंत पिल्लं घालतात, तीही माद्याच. म्हणजे एका मादीपासून धरलेला सगळा वंश तिचीच नक्कल. त्यातली एक पंखवाली आणि दुसरी बिनपंखी निघाली, तर दोष रक्ताला देता येत नाही.

खरेदी: दहापट मोठं दाखवणारं भिंग, शून्य नंबरचा ब्रश, मीटरभर मलमल, रबरबँड. सगळं मिळून चारशेच्या आत. पानाचा देठ पाण्यात ठेवायला होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या. त्या आमच्या घरात कधी संपत नाहीत.

आधीच सांगून ठेवतो, रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो आणि मग नजर धूसर होते. चष्मा घाला, हात साबणाने धुवा, तोवर चेहऱ्याला हात नाही.

1 डिसेंबर

एक टपोरी बिनपंखी मादी ब्रशने उचलून बाटलीतल्या कोवळ्या पानावर ठेवली. मादी सोंड खुपसून बसलेली असताना ओढली तर सोंड तुटते आणि ती मरते. मागून ब्रशच्या केसांनी हलकेच गुदगुल्या करायच्या. ती सोंड काढून चालायला लागली की मगच उचलायची.

चिकामुळे बाटलीतलं पाणी तासाभरात ताकासारखं पांढरं झालं. देठ वाहत्या नळाखाली धरून चीक थांबेपर्यंत धुवायचा आणि पाणी दोनदा बदलायचं. एवढं करूनही तोडलेलं पान तीन-चार दिवसांच्या वर टिकत नाही.

5 डिसेंबर

मादी फुगून गोल झाली, रंग भुरा, अंग कागदासारखं कोरडं. सरकवली तर हलेना. आत गांधीलमाशीच्या कुळातल्या एका बारक्या माशीची अळी होती. ही माशी जिवंत माव्याच्या अंगात अंडं घालते, अळी आतून खाते आणि शेवटी मागे राहते ती रिकामी ममी. बाहेरून आणलेल्या मोठ्या मादीत हा धोका कायमच असतो आणि भिंगातून आधी कळत नाही.

यावर उपाय सोपा. रानातली मादी पानावर ठेवा, ती एकदोन पिल्लं घालते तोवर थांबा, मग तिला काढून टाका आणि पिल्लू ठेवा. नुकतं जन्मलेलं पिल्लू घरात, मलमलीखाली असेल तर ही माशी त्याच्यापर्यंत पोचत नाही. असे पाच डबे लावले. जे पिल्लू धडपणे वाढेल, त्याचाच वंश पुढे.

7 डिसेंबर, शनिवार

पानांचा पुरवठा हाच मुख्य प्रश्न. शनिवार, म्हणून मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या माळांचा ढीग होता. एक माळ घेऊन सोडवली. पानं जून, स्वच्छ, सारख्या मापाची. पण मधोमध सुई गेलेली, भोकातून चीक ओघळून सुकलेला. बाटलीत ठेवली तर दुसऱ्या दिवशी मान टाकली. बाद.

माळवाल्या मावशींना विचारलं, शेंडे मिळतील का, मावा लागलेले. त्या म्हणाल्या, "तो टाकून येतो आम्ही तिथंच. किडे असलेला हार मारुतीला कोण घालंल, दादा?" माल बदलापूरकडून पहाटे येतो. पुढच्या शनिवारी न ओवलेले शेंडे वेगळे आणून देते म्हणाल्या. वीस रुपये.

10 डिसेंबर

तोडलेल्या पानांचा नाद सोडला. कारण साधं आहे: तुटलेलं पान पहिल्या दिवसापासूनच मरायला लागलेलं असतं. मावा पितो तो पानाच्या शिरांतून वाहणारा अन्नरस. देठ तुटला की त्या रसाचा दाबही बदलतो आणि आतलं काय-किती तेही. म्हणजे ‘कोवळं पान’ म्हणून जे मी बाटलीत ठेवत होतो, ते दोन दिवसांत कोवळं उरतच नव्हतं. खाण्याचा परिणाम तपासायचा तर झाड मुळासकट, कुंडीत हवं.

नर्सरीत रुई विचारली तर नर्सरीवाला हसला. "रुई कोण विकत घेतं?" पांढरी रुई म्हणजे मंदार मात्र होती, गणपतीला वाहतात म्हणून. एकशेवीस रुपयांना एक. दोन घेतली.

बाकीची रानातून. मोठं रोप उपटू नका. सोटमूळ खोल गेलेलं असतं, ते तुटतं आणि रोप आठवडाभरात बसतं. एका बंद पडलेल्या बांधकामाच्या पत्र्याशेजारी चार-सहा पानांची बारकी रोपं उगवली होती. ती मातीच्या गोळ्यासकट काढली आणि निम्म्याहून जास्त जगली. फांद्याही लावल्या होत्या, त्या सगळ्या कुजल्या. फांदी कापल्यावर चीक सुकू द्यावा लागतो आणि कुंडीतली माती अर्धी रेतीची हवी, हे नंतर सोसायटीच्या माळीकाकांनी सांगितलं. आता तशी लावलेली एक फांदी तग धरून आहे.

16 डिसेंबर

मुंग्या. गॅलरीतल्या त्या काळ्या, वेड्यावाकड्या धावणाऱ्या. मावा गोड चिकटा सोडतो, तो त्यांना हवा असतो. मुंग्या असल्या की मावा खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) जवळ येत नाहीत, हे बरं. पण त्या पिल्लं उचलून दुसऱ्या पानावर नेतात की काय, अशी शंका आली, कारण एका कुंडीतला हिशेब जुळेना. खात्री करत बसलो नाही. टेबलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. जुन्या दुधाच्या कपाटाखाली आजी ठेवायची तशाच. मुंग्या थांबल्या. फक्त गॅलरीतला पडदा टेबलाला टेकू देऊ नका, त्यावरून चढतात.

21 डिसेंबर

पाच वंशांपैकी एक निवडला. बाकीचे चार मारले. भाचीला वाईट वाटलं, पण वंश मिसळून चालणार नव्हतं. रुईवरच्या याच माव्याच्या वेगवेगळ्या वंशांत पंखवाल्या निघण्याचं प्रमाण मुळातच वेगवेगळं असतं. एफ. आर. ग्रोटर्स या संशोधकांनी 1989 साली हे दाखवलं होतं. दोन वंश दोन कुंड्यांत ठेवून पानांची तुलना केली, तर तुलना वंशांची होते.

पिल्लू जन्मल्यापासून स्वतः पिल्लं घालू लागेपर्यंत सध्याच्या थंडीत आठवड्याहून थोडं जास्त लागतंय. थंडी म्हणजे मुंबईची, उगाच गैरसमज नको.

24 डिसेंबर

पहिली मांडणी. तीन गट: शेंड्याचं कोवळं पान, मधलं जून पान, खालचं पिवळं पडलेलं पान. प्रत्येक पानाला मलमलीची पिशवी, देठापाशी कापूस गुंडाळून वर रबरबँड. कापूस नसेल तर रबरबँडने देठ चेपतो आणि पिल्लं फटीतून पळतात. प्रत्येक पानावर मोठ्या माद्या पाच. त्यांनी दिवसभर पिल्लं घालायची, मग माद्या काढायच्या आणि पिल्लं मोठी होईपर्यंत वाट पाहायची.

28 डिसेंबर

पिवळ्या पानाचा गट निकालात निघाला. माद्या पानावर बसतच नाहीत. पिशवीच्या आतल्या बाजूला, कापडावर फिरत राहतात. पिल्लं जेमतेम. जी झाली ती दोन दिवसांत मेली. उपाशी मेलेल्याला पंख कसे फुटणार? पान इतकं वाईट नको की त्यावर जगताच येणार नाही, आणि इतकं चांगलं नको की फरकच दिसणार नाही. पिवळ्याऐवजी आता ‘खालचं, पूर्ण वाढलेलं, पण हिरवं’ पान घेतोय.

2 जानेवारी

सगळं मेलं. रात्री डास होते म्हणून आईने गॅलरीच्या दाराशी डासांचं लिक्विडचं मशीन लावलं होतं. सकाळी मावा पानांवरून गळून पिशवीच्या तळाशी पडलेला, पाय आखडलेले. ते औषध डासांना मारतं, मग माव्याला का सोडेल. आईला सांगितलं तर म्हणाली, "अरे, मग चांगलंच आहे की, गुलाबावरच्याला पण लावू." तिचं चुकलं म्हणता येत नाही.

सुदैवाने वंशाचा एक डबा भाचीच्या घरी ठाण्याला होता. राखीव डबा दुसऱ्या घरात ठेवा, दुसऱ्या खोलीत नव्हे. आणि सोसायटीत धूर मारायची तारीख नोटीस बोर्डावर बघत चला.

एक चांगलं झालं. हे सगळं मरण्याआधीच मांडणीत एक खोट लक्षात आली होती, ती दुरुस्त करायला मोकळीक मिळाली. ज्या माद्या मी पानांवर ठेवत होतो, त्या गच्च भरलेल्या कुंडीतून उचललेल्या होत्या. काही जातींच्या माव्यात, वाटाण्यावरच्या माव्यात तर नक्कीच, पिल्लाला पंख येणार की नाही हे आईच्या पोटातच ठरतं. आईला इतर माव्यांचे धक्के लागत राहिले, की ती पंखवाली पिल्लं घालते. म्हणजे माझ्या कोवळ्या पानावर पंख दिसले असते, तर ते पानामुळे नव्हे, तर आईच्या जुन्या गर्दीमुळे आलेले असू शकले असते.

म्हणून आता नियम: मांडणीआधी वंश दोन-तीन पिढ्या सुटसुटीत ठेवायचा. एका पानावर एकच मादी. तिची दोन पिल्लं ठेवायची, बाकीची काढायची. वेळखाऊ काम आहे, पण याला पर्याय नाही.

14 जानेवारी, संक्रांत

वंश पुन्हा उभा राहिला. दुसरी सुटसुटीत पिढी चालू आहे.

तिळगूळ द्यायला सांगलीचे मामा आले होते. गॅलरीतल्या पिशव्या बघून विचारलं, हे काय? मावा म्हटल्यावर त्यांनी 2002 सालचा उसावरचा पांढरा लोकरी मावा काढला. पानाच्या खाली कापूस लावल्यासारखा थर, पानं चिकटून काळी पडलेली, शेतात शिरलं की कपड्यांना चिकटायचा. "एका फडातून दुसऱ्या फडात उडून जायचा, बघ. आम्हाला वाटायचं वाऱ्याने येतो." दोन्ही बरोबर. पंखवाल्या निघतात आणि वारा नेतो. इतक्या हलक्या कीटकाला वाऱ्याविरुद्ध उडणं जमत नाही. चिंधीभर वाऱ्यातही ते वाहत जातात.

मामांना माझं काम कौतुकाचं वाटलं नाही. "मारायचा सोडून पाळतोयस," म्हणाले.

17 जानेवारी

नवी मांडणी. आता चार गट:

कोवळं पान, थोडी पिल्लं. कोवळं पान, भरपूर पिल्लं. जून पान, थोडी पिल्लं. जून पान, भरपूर पिल्लं. थोडी म्हणजे पाच, भरपूर म्हणजे पन्नासच्या आसपास. प्रत्येक गटाला तीन पानं, प्रत्येक पान वेगळ्या रोपावर. एकाच रोपावर सगळे गट ठेवले असते, तर रोप मलूल झालं की सगळेच गट एकदम बिघडले असते.

गर्दी आणि खाणं वेगळं काढण्याचा माझ्यापुरता हाच मार्ग दिसतोय. नाहीतर निसर्गात दोन्ही हातात हात घालून येतात. मावा वाढतो, पान शोषलं जातं, पान बिघडतं. पंख आले ते एकमेकींना चिकटून बसल्यामुळे की रस आटल्यामुळे, हे रस्त्यावरच्या झुडपाकडे बघून कळत नाही.

20 जानेवारी

मोजणीचा त्रास. मावा वाढताना कात टाकतो आणि ती पांढरी कात पानालाच चिकटून राहते. पाय, मिशा, सगळं शाबूत. भाचीने एका पानावर मोजलेले आणि मी मोजलेले आकडे दुपटीने वेगळे आले. आता ब्रशने टोचून बघतो. हललं तर मावा, उडून पडलं तर कात. मोबाइलवर भिंग टेकवून फोटो काढले तर नंतर निवांत मोजता येतं, पण टोचल्याशिवाय फोटोतली कात ओळखू येत नाही. आधी फुंकर मारून कात उडवा, मग फोटो.

एका जून पानाच्या पिशवीत हिरवी-करडी अळी सापडली, पुढे निमुळती, पाय नसलेली. सिरफिड माशीची. एक एक मावा उचलून रस पिऊन टाकत होती. ते पान बाद. पिशवी बांधतानाच अंडं पानाखाली असणार. आता पिशवी बांधायच्या आधी प्रत्येक पान भिंगाखाली, दोन्ही बाजूंनी.

23 जानेवारी

पंखांच्या कळ्या दिसू लागल्या. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरता येत नाही. बिनपंखी होणारं पिल्लू वरून बघितलं तर नासपतीसारखं सरळ, खांद्यापासून मागे गोल होत गेलेलं. पंखवालं होणारं पिल्लू खांद्याशी रुंद, दोन्ही बाजूंना मळकट-पिवळ्या दोन फुगवट्या, मागे वळलेल्या. शेवटच्या कातेआधी त्या काळपट होतात. मग कात फाटते, पंख चुरगळलेल्या पांढऱ्या कागदासारखे बाहेर येतात आणि तासाभरात ताठ, पारदर्शक होतात, शिरा काळ्या. पंख शरीरापेक्षा लांब, पाठीवर छपरासारखे उभे. डोकं आणि छाती काळी, पोट मात्र पिवळंच.

म्हणजे पंख येण्याची वाट बघायची गरज नाही, कळ्यांवरून मोजता येतं. हा मोठा फायदा आहे, कारण पंखवाल्या लगेच उजेडाकडे जातात आणि पिशवीच्या शिवणीत जाऊन मरतात.

26 जानेवारी

मोजणी.

कोवळं पान, थोडी पिल्लं: तीनही पानांवर एकही पंखवाली नाही. सगळ्या टपोऱ्या, बिनपंखी, लगेच पिल्लं घालायला लागलेल्या.

कोवळं पान, भरपूर पिल्लं: जवळपास निम्म्यांना कळ्या.

जून पान, थोडी पिल्लं: दोन पानांवर शून्य, एका पानावर दोन पंखवाल्या. त्या पानाच्या कडा वाळल्या होत्या, त्यामुळे त्या दोघींचं श्रेय पानाला की वाळण्याला, हे ठरवत नाही.

जून पान, भरपूर पिल्लं (एक पान बाद, उरली दोन): निम्म्याहून बऱ्याच जास्त. शिवाय सगळ्या आकाराने बारीक आणि वाढायला दोन दिवस जास्त घेतले.

एवढ्या थोड्या पानांवरून प्रमाणाचा आकडा सांगणं योग्य नाही. पण कल स्पष्ट आहे. आमच्या वंशात नुसतं वाईट खाणं पंख फुटायला पुरेसं नाही. गर्दी लागते, आणि गर्दी असताना खाणं वाईट असेल तर पंखवाल्या वाढतात. भाचीला उलट वाटत होतं, उपाशी राहिले की उडून जातील. कॉलेजात ती तेच लिहून बसली होती, आता खोडतेय.

29 जानेवारी

कण्हेर करून बघितली. हाच मावा कण्हेरीवरही राहतो आणि सोसायटीच्या कुंपणाला गुलाबी कण्हेर आहेच. रुईवर वाढलेल्या माद्या कण्हेरीच्या शेंड्यावर ठेवल्या. पहिल्या दिवशी निम्म्या उतरून गेल्या. ज्या राहिल्या त्यांची पिल्लं वाढली, पण हळू. पंखांबद्दल बोलण्याइतकी संख्या झाली नाही.

कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. लहान मुलं किंवा मांजर असेल तर घरात आणू नका. दोन्ही झाडांचं हृदयावर परिणाम करणारं विष हा मावा अंगात साठवतो, म्हणून हातावर चिरडलेला मावा पुसून जेवायला बसू नका. ढालकिडे तरी तो खातातच. बाहेरच्या झुडपावर सहा ठिपक्यांचे दोन दिसले.

3 फेब्रुवारी

पंखवाली आणि बिनपंखी, एकेक मादी वेगवेगळ्या कोवळ्या पानावर ठेवून पिल्लं मोजली. अशा दोन जोड्या. पंखवालीने पिल्लं घालायला उशीर केला आणि कमी घातली, दोन्ही वेळा. दोन जोड्या म्हणजे पुरावा नव्हे. पण पंख आणि उडायचे स्नायू फुकट येत नाहीत, हे अनेक जातींच्या माव्यात दिसलेलं आहे आणि आमचं निरीक्षण त्याच्याविरुद्ध गेलं नाही. चांगल्या पानावर एकटी असलेली मादी पंखांवर खर्च का करत नाही, ते इथे कळतं.

कर्जतकडचा एक मित्र हे ऐकून म्हणाला, भातावरचे तपकिरी तुडतुडेही असेच, आखूड पंखांचे जागच्या जागी वाढतात आणि पीक जून झालं की लांब पंखांचे निघून जातात. खरं आहे. पण तुडतुड्यांत नर-मादी असतात. हा प्रयोग त्यांच्यावर करायचा तर घरच्या गॅलरीत होणार नाही.

10 फेब्रुवारी

दुपारी गॅलरीत हात भाजतोय. कुंड्यांतली माती संध्याकाळपर्यंत कोरडी, आणि कोवळं पान दुपारी तीनला मान टाकतं. आता ‘कोवळं’ आणि ‘जून’ यांत तिसरी गोष्ट मिसळते, ती म्हणजे पाणी. मांडणी थांबवली. वंशाचा डबा ठाण्यालाच, खिडकीपासून लांब, एका मंदाराच्या रोपावर, एका पानावर एक मादी या नियमाने चालू ठेवतोय.

एकूण खर्च हजाराच्या आसपास. त्यात रोपं आणि कुंड्याच जास्त. वेळ मात्र जवळपास सगळा रोपांवर आणि मोजणीवर गेला. मावा स्वतःहून वाढतो, त्याला काही लागत नाही.

कोणाला करायचं असेल तर रोपांची सोय आधी करा. आता रुईच्या शेंगा धरतील. उन्हाळ्यात त्या फुटून म्हाताऱ्या उडायला लागण्याआधी एक शेंग तोडून ठेवा, बी पेरा, रेती जास्त घाला. पावसाळ्यात रोपं छपराखाली ठेवा, नाहीतर कुजतात. ऑक्टोबरचा उकाडा ओसरेपर्यंत हाताशी सारख्या वयाची पंधरा-वीस रोपं असतील, आणि मग प्रत्येक गटाला तीनऐवजी पाच पानं देता येतील. आम्ही तेच करणार आहोत.

पुढच्या वेळी एक गट वाढवायचा आहे: गर्दीतून काढलेली आई, पण पिल्लं एकेकटी कोवळ्या पानावर. आमच्या माव्यात निर्णय आईचा की पिल्लाचा, ते त्यावरून कळेल. भाचीने त्यासाठी होमिओपॅथीच्या बाटल्या धुवून वाळत घातल्या आहेत. मी तिला सांगितलं, बाटल्या नकोत, कुंड्या हव्यात.